साक्षीभावाने विचार बघायला बसलं की पाच मिनिटांत बघणाराच हरवतो, डोकं जड होतं. काय चुकतंय?

हरवतो तो साक्षी नव्हेच. कपाळामागे बसून विचारांकडे रोखून बघणारा जो 'मी' तुम्ही उभा केलाय, तो अहंकार. तोही येतो-जातो.

अद्वैत वेदांताचे आचार्य विद्यारण्य यांच्या 'पंचदशी' ग्रंथातलं दहावं प्रकरण, नाटकदीप, काढा. नृत्यशाळेतला दिवा यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी यांना सारखाच उजळतो. सगळे उठून गेले तरी जळत राहतो. त्यातला दिवा म्हणजे साक्षी, यजमान म्हणजे अहंकार, नर्तकी म्हणजे बुद्धी. तुम्ही यजमानालाच दिवा समजून बसलात.

करायचं कसं, ते 'दृग्दृश्यविवेक' (बघणारा आणि दिसणारं वेगळं करणारा छोटा वेदांतग्रंथ) याच्या पहिल्याच श्लोकात आहे. डोळे उघडे ठेवा, समोरचा तांब्या बघा. तांब्या दृश्य, डोळा बघणारा. आता चष्मा काढा. तांब्या धूसर झाला हे कळलं ना? म्हणजे डोळ्याचं कमीजास्त मनाला कळतं. आता डोळा दृश्य झाला. मग मन: कंटाळा, शंका, लाज, भीती. जे येईल ते ओळखा आणि सोडा. 'हे का आलं' विचारलंत की उलटतपासणी सुरू, बैठक संपली. हे सगळं ज्याला कळतंय तो साक्षी, आणि इथे थांबायचं. तो दिसत नाही, असं तोच श्लोक सांगतो. तरी लोक त्यालाच बघायला जातात, भुवया आवळतात, श्वास धरतात. डोकं जड होणारच! दहा-पंधरा मिनिटं पुरे. भरकटल्याचं कळलं की तिथूनच पुढे चला, परत तांब्यापासून नको.

आता माझा जुना वाद. आमच्या अभ्यासवर्गातले एक काका घरात काहीही पेटलं की 'मी साक्षी' म्हणत पेपर उघडतात. हा साक्षीभाव नाही, अंग काढून घेणं आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायातला गुणातीत, म्हणजे तिन्ही गुणांपलीकडे गेलेला माणूस, प्रकाश, प्रवृत्ती, मोह (सत्त्व, रज, तम यांची कामं) आले तर त्यांचा द्वेष करत नाही, गेले तर हाव धरत नाही. म्हणजे ते येतात! आणि दिव्याने नाच थांबवल्याचं विद्यारण्यांनी कुठे लिहिलंय? काकांना हे कितीदा दाखवलं, ते म्हणतात, 'आमचा मार्ग वेगळा.' बरं.

आणि हो, सांख्य दर्शनात पुरुष, म्हणजे बघणारं चैतन्य, अनेक; अद्वैत वेदांतात साक्षी एकच. त्या भांडणाने बैठकीत काही बिघडत नाही. झोप उडाली असेल, धडधडत असेल किंवा घरचीच माणसं परकी, खोटी वाटायला लागली असतील, तर मात्र बैठक बंद ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.