"रँकिंग खाली आहे, मग तिथे जाऊ की नको?"

परदेशी शिकायला जाणाऱ्यांना मी सल्ला देते, आणि मार्च महिना आला की माझ्याकडे हा प्रश्न येतोच, फक्त विचारणारे बदलतात. दोन ॲडमिट हातात असतात, एक मोठ्या नावाचं आणि एक कुणी फारसं न ऐकलेलं, आणि नेमका दुसरीकडचाच कोर्स आवडलेला असतो पण रँकिंग बघून धीर होत नाही. परवा एकीने मेलवर हेच विचारलंय, "मॅडम, पहिल्या २०० च्या बाहेरच्या युनिव्हर्सिटीत गेले तर सीव्हीला काही किंमत राहील का?" तिला उत्तर लिहायला बसले आणि मागची एक केस आठवली, तर तीच सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगी इकॉनॉमिक्सची पदवीधर, मार्क बरे, अमेरिकेत मास्टर्सला अर्ज केलेले. सोबत बाबा होते आणि त्यांच्याकडे एक्सेल शीटचा प्रिंटआउट. खूप मेहनतीने बनवलेली शीट, रंगबिरंगी वगैरे. कॉलम काय तर युनिव्हर्सिटी, शहर, रँक, फी, डिपॉझिटची तारीख. कोर्सच्या नावाचा कॉलमच नाही! मी विचारलं, "ही जी सगळ्यात वर आहे तिथे पहिल्या सेमिस्टरला काय शिकवणार आहेत?" बाबांनी मुलीकडे बघितलं, मुलीने फोन काढला.

यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही, कारण एजंट लोक यादीच रँकनुसार देतात, आणि बऱ्याच एजंटना युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं हे घरच्यांना कुणी सांगत नाही. शिवाय रँक हा एकच आकडा, तो नातेवाइकांना सांगायला सोपा पडतो.

पण तो आकडा बनतो कशाचा हे एकदा बघाच. क्यूएस या जागतिक रँकिंगच्या यादीत सध्या ३० टक्के वजन ॲकॅडेमिक रेप्युटेशनला आणि १५ टक्के एम्प्लॉयर रेप्युटेशनला आहे, आणि हे दोन्ही सर्व्हेवरून काढतात, म्हणजे जगभरातल्या प्रोफेसरांना आणि कंपन्यांना विचारतात की तुमच्या मते चांगल्या युनिव्हर्सिट्या कुठल्या. झाले की नाही जवळपास अर्धे मार्क नुसत्या मतावर? वर आणखी २० टक्के रिसर्च पेपरच्या सायटेशनचे, म्हणजे इतरांनी ते पेपर किती वेळा संदर्भाला घेतले त्याचे. पूर्ण युनिव्हर्सिटीचे हं, मेडिकल, फिजिक्स सगळं धरून. तुमच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला कोण शिकवणार, वर्गात किती जण असणार, इंटर्नशिप कुठे लागतात, यातलं त्या आकड्यात जवळजवळ काही नाही. टाइम्स हायर एज्युकेशन या दुसऱ्या जागतिक यादीत तर २०० च्या पुढे नंबरही देत नाहीत, थेट २०१ ते २५० असे गट असतात, आणि लोक माझ्याकडे येऊन २१० आणि २४० मधला फरक विचारतात, आता काय बोलायचं.

असो. तिच्याही हातात दोन ॲडमिट होती, पहिलं मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीचं आणि दुसरं छोट्या नावाच्या. मी लॅपटॉपवर दोन्ही कोर्सची पानं शेजारी शेजारी उघडली आणि मुलीला म्हटलं की तू वाच, बाबांना मोठ्याने वाचून दाखव. पहिलीकडे मायक्रो थिअरी, मॅक्रो थिअरी, इकॉनॉमेट्रिक्सचा (आकडेवारी वापरून अर्थशास्त्राचे प्रश्न तपासायचा विषय) एक पेपर, मग इलेक्टिव्ह आणि शेवटी थिसिस. दुसरीकडे इकॉनॉमेट्रिक्स दोन सेमिस्टर, टाइम सीरीज, आर आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा, शेवटी बाहेरच्या संस्थेबरोबर करायचा कॅपस्टोन प्रोजेक्ट. वाचताना दुसरीकडे तिचा आवाजच बदलला. मग बोलली की डिग्रीला रिग्रेशनचा जो प्रोजेक्ट केला होता तेवढंच खरं आवडलं होतं, मॅक्रो थिअरी रट्टा मारून पास झाले, पुढे डेटावरच काम करायचंय. बाबा म्हणाले, "हे तू आधी कधी बोलली नाहीस." ती म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही, तुम्ही रँक विचारली." दोन मिनिटं शांतता. मी मध्ये पडले नाही, असं घरातलं बोलणं कधी कधी समोर तिसरं माणूस असलं तरच होतं.

आता खरा मुद्दा, जो या शीटमध्ये नव्हता आणि बहुतेकांच्या शीटमध्ये नसतो. अमेरिकेत प्रत्येक कोर्सला एक सीआयपी कोड असतो, विषयाच्या वर्गवारीचा सरकारी नंबर. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकून झालं की १२ महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात, आणि कोर्स स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) यादीतला असेल तर अजून २४ महिने वाढवून मिळू शकतात, अर्थात नोकरी त्याच विषयातली हवी आणि कंपनी ई-व्हेरिफाय या कर्मचाऱ्यांची कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी. तर गंमत अशी की साधं जनरल इकॉनॉमिक्स, कोड ४५.०६०१, हे स्टेममध्ये नाही, आणि इकॉनॉमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, कोड ४५.०६०३, हे आहे. दोन्हीकडे डिग्रीवर एमए इकॉनॉमिक्सच लिहिलेलं असू शकतं, पण एकाला एक वर्ष आणि दुसऱ्याला तीन. कर्ज काढून जाणाऱ्या मुलाला हा फरक रँकच्या दीडशे पायऱ्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण फेडायला वेळ मिळतो आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव टाकायला एकाहून जास्त संधी मिळू शकतात. हे नियम बदलू शकतात, म्हणून सरकारी साइटवर स्वतः बघायचं, माझ्यावर पण डोळे झाकून विश्वास नको.

तिने तिथेच बसून दोन्ही डिपार्टमेंटना मेल टाकला. मी फक्त म्हटलं की "टेल मी मोअर" टाइप काही लिहू नकोस, नेमकं विचार. तिने तीन ओळी लिहिल्या: या कोर्सचा सीआयपी कोड काय, गेल्या बॅचची मुलं इंटर्नशिपला कुठे गेली, आणि मी या बॅचमधल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलू शकते का. छोट्या नावाच्या डिपार्टमेंटने कोड सांगितला, ०६०३, आणि दोन विद्यार्थ्यांशी गाठ घालून दिली. मोठीकडून आधी ब्रोशर आलं, परत विचारल्यावर कोड आला, ०६०१.

म्हणजे नाव बिनकामाचं का? नाही हो, ते पण खोटं ठरेल. कन्सल्टिंग किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं असेल तर बऱ्याच कंपन्या ठराविक कॅम्पसवरूनच मुलं उचलतात, तिथे नाव चालतं. पुढे देश बदलायचा असेल तरी रँक मध्ये येऊ शकते. नेदरलँड्समध्ये नोकरी शोधायला एक वर्षाचा परमिट असतो, त्यासाठी बाहेरच्या देशातली डिग्री असेल तर ती मान्य रँकिंगच्या पहिल्या २०० मधली लागते. ब्रिटनचा कामासाठीचा हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसासुद्धा रँकिंगवरून काढलेल्या परदेशी युनिव्हर्सिट्यांच्या यादीवरच चालतो. अशा ठिकाणी मी स्वतः सांगते की रँक बघा. पण मग तुमचा रस्ता तो आहे का हे आधी ठरलेलं पाहिजे ना, हिचा नव्हता.

पैशाचं म्हणाल तर मोठीकडून काहीच मदत नव्हती आणि डिपॉझिट मार्चअखेर भरायचं होतं, छोटीकडून अर्धवट असिस्टंटशिप, म्हणजे डिपार्टमेंटचं काम करायचं आणि त्याबदल्यात थोडी आर्थिक मदत. बाबांना भीती की थांबलो तर दोन्ही जातील. तर मास्टर्स-पीएचडीवाल्यांना हे माहीत असावं, अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव आहे, त्यावर सही केलेल्या युनिव्हर्सिटीने आर्थिक मदतीसह ऑफर दिली असेल तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला मुलगा किंवा मुलगी बांधील नसते. छोटी युनिव्हर्सिटी त्या यादीत होती. मदत नसलेल्या ऑफरला मात्र हे लागू नाही, तिथे त्यांची तारीख म्हणजे तारीख, आणि डिपॉझिट बहुतेक वेळा परत मिळत नाही, त्यामुळे "भरून ठेवू, नंतर बघू" महागात पडतं.

त्या मधल्या दिवसांत ती त्या दोन विद्यार्थ्यांशी बोलली. एकाने खुलेपणाने सांगितलं की शहर छोटं आहे, पार्टटाइम इंटर्नशिप जवळ मिळत नाही, उन्हाळ्यात दुसऱ्या शहरात जावं लागतं. हे ऐकून ती जरा हबकली, पण ब्रोशरमध्ये असलं काही कधी सापडलं नसतं. तरी तिने छोटीच घेतली. बाबांनी होकार दिला खरा, पण मला बाजूला घेऊन, "लोकांनी नाव विचारलं तर काय सांगू?" म्हणून विचारलंच. मी म्हटलं, "कोर्सचं नाव सांगा." पटलं असं काही वाटलं नाही.

तर मेलवालीला माझं उत्तर हे, की २०० च्या आत की बाहेर हे बाजूला ठेव आणि आधी दोन्ही कोर्सचे विषय, कोड, मदत आणि मागच्या बॅचचं काय झालं हे एका कागदावर मांड, ते सगळं सारखंच निघालं तरच रँक बघ. युनिव्हर्सिटीला मान्यता आहे का तेही तपास, ते न तपासता गेलेलीही मुलं असतात. आणि आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म, हातात आलं की त्यावरचं कोर्सचं नाव आणि कोड मेलमध्ये सांगितलाय तोच आहे ना हे बघून घे, वेगळा दिसला तर व्हिसा इंटरव्ह्यूची वाट बघू नकोस, लगेच इंटरनॅशनल ऑफिसला लिहून दुरुस्त करून माग.