रात्रीचं जेवण सोडलं तरी वजन वाढतंय!

(या वेळी शुगर आणि वजन या जोडीवरच इतके प्रश्न आलेत की थायरॉइडवाल्यांनी आणि गुडघेवाल्यांनी जरा कळ काढा, पुढच्या अंकात तुमचा नंबर.)

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 52, उंची 5 फूट 1 इंच, वजन 74 किलो. डायबिटीस सात वर्षांपासून. दिवाळीनंतर शुगर फार वाढली म्हणून मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ. शुगर आली खाली पण वजन 5 किलोने वाढलं. मग मी रात्रीचं जेवणच बंद केलं, फक्त वाटीभर ताक पिते, गोळी मात्र न चुकता घेते. तरी काटा हलत नाही. वर रात्री दोन-अडीचला दरदरून घाम येऊन जाग येते, हातपाय थरथरतात, मग एक-दोन लाडू खाल्ल्याशिवाय बरं वाटत नाही. घरचे म्हणतात चोरून खातेस म्हणून जाड होतेस. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी आज संध्याकाळची गोळी घ्यायच्या आत तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि हे रात्रीचं सगळं जसंच्या तसं सांगा. घरच्यांना पण सांगा की ही चोरी नाहीये, शुगर खाली गेल्यावर शरीर खायला मागतंच, ते तुमच्या हातात नसतं.

काय होतंय बघा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. पोटात फक्त ताक आणि वरून गोळी, मग मध्यरात्री शुगर 70 च्या खाली जाणार नाही तर काय. तुमच्या वर्णनावरून मला तरी तेच वाटतंय, पण अंदाजावर राहू नका, पुन्हा जाग आली की आधी ग्लुकोमीटरवर बघा आणि आकडा लिहून ठेवा. मशीन जवळ नसेल तर तपासत बसू नका, सरळ साखर घ्या. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं, अजून 70 च्या खालीच असेल तर परत तेवढीच. लाडू नको, कारण त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणजे थरथर लगेच थांबत नाही म्हणून आपण दुसरा लाडू खातो आणि जेवण सोडून वाचवलेलं सगळं तिथे वसूल होतं.

आता ते 5 किलो आले कुठून? दिवाळीनंतर शुगर फार वाढली होती म्हणता ना, तेव्हा तुमचं शरीर साखर लघवीवाटे बाहेर टाकत होतं. रक्तातली शुगर साधारण 180 च्या वर गेली की किडनी ती अडवू शकत नाही, म्हणजे खाल्लेल्यातला काही भाग अंगी लागतच नव्हता. गोळीने ती गळती बंद केली, जेवण तेवढंच राहिलं, वजन वाढलं. त्यात ही गोळी, इन्सुलिन आणि पायोग्लिटाझोन ही वजन वाढवणारी मंडळी आहेत. मेटफॉर्मिन तसं करत नाही, ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी वजन जिथल्या तिथे राहतं, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी दोन-तीन किलो उतरतं सुद्धा (पण त्यात लघवीच्या जागी खाज, बुरशी वगैरे होऊ शकते, लाजून लपवू नका). तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "माझ्या वजनाला धरून गोळी बदलता येईल का, नाहीतर संध्याकाळचा डोस कमी करता येईल का?" आपल्याकडे पेशंट वजन कमी करतो पण गोळीचा डोस तोच राहतो, दोघांची भेटच होत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो असं माझं मत आहे. गोळी मनाने बंद मात्र करायची नाही.

रात्रीचं जेवण परत सुरू करा. एक भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, भरपूर भाजी. भाकरीने वजन कमी होतं म्हणून तीन-तीन खाणारे लोक मला भेटतात, पण पिठातल्या कॅलरी ज्वारीच्या काय आणि गव्हाच्या काय, जवळजवळ सारख्याच. महिन्याला घरात तेल किती लिटर लागतं ते मोजा, 5 मिलीचा एक चमचा म्हणजे साधारण 40 कॅलरी. 74 मधले चार किलो जरी गेले तरी शुगर आणि बीपीला फरक पडतो, 55 किलोचं स्वप्न आत्ता बाजूला ठेवा.

प्रश्न : वय 34, वजन 92, आयटीत आहे, एक वर्षापूर्वी डायबिटीस निघाला. 15 किलो कमी केलं की डायबिटीस जातो असं वाचलं, खरं का? घरात दीक्षित (दिवसातून दोनदाच जेवा) की दिवेकर (दर दोन तासांनी थोडं खा) यावर वाद चालू आहे. — पुणे

उत्तर : बऱ्याच अंशी खरंय. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, 306 लोक, सगळ्यांना डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आतच आणि इन्सुलिनवर कोणी नाही. त्यातल्या निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण 850 कॅलरीचे सूप-शेक दिले. 2017 मध्ये पहिल्या वर्षाचे आकडे आले, त्या गटात 46 टक्क्यांची शुगर गोळ्यांशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली, आणि ज्यांनी 15 किलो किंवा जास्त घटवलं त्यांच्यात 86 टक्के. लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम सुधारतं, असा त्यामागचा विचार. पण दुसऱ्या वर्षी ते 46 चे 36 झाले, वजन परत आलं की शुगर पण परत येते, म्हणून "गेला" म्हणू नका, "शांत बसलाय" म्हणा. आणि त्या लोकांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच नसते! दोनदा जेवा नाहीतर दर दोन तासांनी, दिवसभराचं एकूण कमी झालं आणि वर्षभर टिकलं तर माझं भांडण नाही, फक्त सुरू करण्याआधी गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. आणि नुसतं चालू नका, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, नाहीतर चरबीबरोबर स्नायू पण जातात.

प्रश्न : उंची 5 फूट 6, वजन 68. सगळे मला बारीक म्हणतात आणि डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. हे काय? — नाशिक

उत्तर : पोटाचा घेर मोजा, बेंबीपाशी, श्वास न ओढता. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 24 निघतो आणि आपल्या लोकांसाठी 23 पासूनच जादा वजन धरतात. घेर पुरुषांचा 90 सेंटीमीटर, बायकांचा 80, त्याच्या आत हवा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय 22.3, अंगातली चरबी मात्र युडकिनना 9.1 टक्के आणि याज्ञिकांना 21.2! हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही आपली खासियत. तीन-चार किलो उतरवा, पोटावरचेच.

प्रश्न : श्रावणी सोमवारला फक्त साबुदाणा खाल्ला तर वजन उतरेल ना? — सोलापूर

उत्तर : नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर तूप, दाण्याचं कूट आणि बटाटा. उपवास करायचाच तर थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी, दही असं खा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर त्या दिवसाचा डोस आधी विचारून घ्या, आणि डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर निर्जळी उपवास अजिबात नको.