वासरू कोणाच्या गाईचे?

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नववीचे ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हे प्रकरण मुलांच्या गळी उतरत नाही, म्हणून यंदा मी वर्गात एक लुटुपुटूची चोरी रचली. कपाटातून बक्षिसाचे पेन नाहीसे झाले, पाच विद्यार्थी संशयित, आणि बोटांचे ठसे, जीभ गोल वळते की नाही, कानाची पाळी व रक्तगट यांवरून तपास, असा तो खेळ होता. तास रंगला, पण शेवटी ज्याच्यावर बोट ठेवले गेले तो मुलगा पारधी वस्तीवरचा होता, आणि पुढे आठवडाभर मुले त्याला ‘चोर’ म्हणत राहिली. त्याचे वडील शाळेत येऊन गेले. याच तासात एका मुलीने घरचे रक्तगट सांगितले : आई ए, वडील बी आणि ती स्वतः ओ. ‘हे जुळत नाही’ असे मुले म्हणाली आणि मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. हा उपक्रम बंद करावा काय?
— एक शिक्षक, लोहा तालुका

उत्तर : उपक्रम बंद करू नका, संशयित तेवढे बदला. वर्गातल्या मुलाला खोटे खोटेसुद्धा चोर ठरवू नये हे कोणत्याही शाळेला लागू आहे. आपल्याकडे ते अधिक जपून पाळावे लागते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, तरी गावात काही हरवले की लोक आधी कोणाच्या पालाकडे वळतात, हे आपल्याला मी सांगायला नको. ‘गुन्हा रक्तातच असतो’ हा समज आनुवंशिकतेच्याच तासाला पक्का व्हावा, हे फार वाईट झाले. त्या मुलाची आपण वर्गासमोर माफी मागितली नसेल तर आता मागावी. खेळ मी रचला होता आणि चूक माझी होती, एवढे सरळ सांगितले तरी पुरे.

त्या मुलीचे उत्तर तर अगदी सोपे आहे, आणि तेही वर्गासमोरच द्यायला हवे, कारण शंका वर्गासमोर निघाली होती. तिचा रक्तगट बिनचूक जुळतो. ए गटाच्या माणसाकडे ए आणि ओ अशी जोडी असू शकते, बी गटाच्या माणसाकडे बी आणि ओ. दोघांकडूनही ओ आला की मूल ओ गटाचे होते, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. मात्र यापुढे मुलांना घरचे रक्तगट विचारायला लावू नये. कार्डावरची नोंद चुकीची निघू शकते, घरातली एखादी न सांगितलेली गोष्ट उघडी पडू शकते, आणि क्वचित प्रसंगी शास्त्रच पेचात टाकते. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे रक्तगट’ नेहमीच्या तपासणीत ओ म्हणूनच दिसतो, पण अशा व्यक्तीकडे ए किंवा बीचे जनुक दडलेले असू शकते. मग वरवर ओ दिसणाऱ्या आईवडिलांना ए गटाचे मूल होते आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. सुईने बोट टोचून वर्गात रक्त काढणे तर कटाक्षाने टाळावे.

जीभ आणि कानाची पाळीही वगळा. जीभ वळवता येणे हे एका प्रभावी जनुकाचे काम असल्याचे अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० साली मांडले होते. पुढे एकसारख्या जुळ्यांत एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची नाही असे आढळले, आणि स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच ते म्हणणे सोडून दिले. आपण शिक्षकांनी मात्र ते अजून सोडलेले नाही. पाळीचे प्रकारही ‘चिकटलेली’ आणि ‘सुटी’ असे दोनच नसतात, मधले पुष्कळ असतात.

आता नवे रहस्य. आपल्या तालुक्यातच माळेगावची यात्रा भरते, जनावरांचा बाजार मुलांनी पाहिलेला असतो. त्या बाजारात एक लाल कंधारी वासरू दाव्याला बांधलेले आहे, त्याच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला तुटून पडला आहे, आणि दोन शेतकरी ते आपल्याच गाईचे म्हणून भांडत आहेत. एकाच्या गाईचे नाव कपिला, दुसऱ्याच्या गाईचे सोनी. संशयित दोन गाई असल्याने वर्गातले कोणी दुखावत नाही, आणि आनुवंशिकतेचा खरा प्रश्न, म्हणजे पालकांकडून अपत्याला नेमके काय मिळते, तो थेट समोर येतो. वासरू लाल आहे म्हणून काही ठरत नाही, कारण दोन्ही गाई लालच आहेत.

डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि तो किती वेळा येतो हे जनावरागणिक बदलते, एवढे आधी फळ्यावर सांगावे. प्रत्येक जागेचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. मी चार जागा घेतो. वासराचे आकडे : पहिल्या जागी १२ व १५, दुसऱ्या जागी ८ व ८, तिसऱ्या जागी २० व २३, चौथ्या जागी ५ व ९. कपिलेचे : १२ व १४, ८ व ११, २१ व २२, ६ व ७. सोनीचे : १३ व १५, ८ व ९, २० व २४, ५ व ५. हे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून गटागटांत वाटावेत आणि स्वतः गप्प बसावे. पहिल्या दोन जागांवर कपिला जुळते, त्यामुळे निम्मा वर्ग निकाल देऊन मोकळा होतो. तिसऱ्या जागी कोणाच्या तरी लक्षात येते की वासराच्या २० आणि २३ यांपैकी एकही आकडा कपिलेकडे नाही. तो क्षण पाहण्यासारखा असतो. चौथ्या जागीही तेच होते आणि कपिला बाद ठरते. दोन जागी बाद करण्याचे कारण असे की आई-बापाकडून पुढे जाताना आकडा क्वचित बदलतो, म्हणून प्रयोगशाळा एकाच विसंगतीवर निकाल देत नाहीत. मी पहिल्या वर्षी एकच विसंगती ठेवली होती आणि एका पशुवैद्यकाने माझी ही चूक दाखवून दिली. सोनीकडून १५, ८, २० आणि ५ आले असतील तर वळूकडून १२, ८, २३ आणि ९ यायला हवेत. गावच्या वळूची चिठ्ठी शेवटी काढली तर मुले ती अधाशासारखी पाहतात.

इथे थांबू नये, खरा अभ्यास यापुढेच आहे. सोनी जुळली याचा अर्थ ती आई ठरली असा नाही. ती बाद झाली नाही, एवढेच सिद्ध झाले. समजा, एका जागी योगायोगाने मेळ बसण्याची शक्यता चारात एक आहे. मग चारही जागी मेळ बसण्याची शक्यता २५६ मध्ये एक होते, आणि बाजारात ५१२ गाई बांधल्या असतील तर त्यांतल्या दोन निव्वळ योगायोगाने जुळतील. आठ जागा घेतल्या तर हीच शक्यता ६५,५३६ मध्ये एक होते. मुलांना हा गुणाकार स्वतः करू द्यावा. त्यानंतर विचारावे की गावात वळू एकच असेल तर काय? अर्ध्या गोठ्यातली जनावरे सावत्र भावंडे निघतात, नातेवाइकांचे आकडे जास्त जुळतात आणि तो सुबक गुणाकार तसाच लागू पडत नाही. नववीची मुले हे सहज समजतात, कारण गोठा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला असतो.

डीएनए डोळ्यांनी पाहायचा असेल तर अर्धापूरचे एक पिकले केळे पुरेल : कुस्करून त्यात मिठाचे पाणी व भांडी घासायचा द्रव साबण मिसळावा, गाळून घ्यावे आणि भांड्याच्या कडेने थंडगार स्पिरिट हळूच ओतावे. साबण पेशींची स्निग्ध आवरणे फोडतो, मीठ आणि स्पिरिट यांमुळे डीएनए पाण्यातून बाहेर पडतो आणि पांढरे तंतू वर तरंगतात. त्या तंतूंवरून केळे कोणाच्या मळ्यातले हे मात्र कळत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

अॅलेक जेफ्रिस यांनी १९८४ साली लेस्टर येथे डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत शोधली. गुन्ह्याच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा खुनाची कबुली देऊन बसलेला सतरा वर्षांचा एक मुलगा तिच्यामुळे निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला. पेनच्या चोरीऐवजी ही हकिकत वर्गात सांगावी.

प्रश्न : आमच्या गाईला जुळी झाली, एक कालवड आणि एक गोऱ्हा. त्यांचा डीएनए सारखा असेल का? आणि चाचणीसाठी रक्तच द्यावे लागते का?
— दहावीची एक विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : नाही. कालवड आणि गोऱ्हा ही वेगवेगळ्या बीजांडांपासून झालेली साधी भावंडे आहेत. एकसारखी जुळी एकाच लिंगाची असतात आणि त्यांचा डीएनए जवळपास सारखा असतो. माणसांत अशा जुळ्यांच्या बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात, कारण ठशांच्या रेषा गर्भात घडताना तिथल्या बारीकसारीक परिस्थितीचाही परिणाम त्यांवर होतो.

तुझ्या वासरांच्या बाबतीत रक्त देऊ नये हेच बरे. गाईच्या पोटात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडल्या जातात आणि एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात जाऊन कायमच्या वस्तीला राहतात, त्यामुळे कालवडीच्या रक्तात गोऱ्ह्याचाही डीएनए सापडतो आणि चाचणी गोंधळते. म्हणून शेपटीच्या गोंड्यातले केस मुळासकट उपटून देतात. पेशी त्या मुळाशी असतात, कात्रीने कापलेल्या केसाचा उपयोग होत नाही. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली अशी कालवड बहुतेक वेळा गाभण राहत नाही, तेव्हा ती दुभत्यासाठी ठेवायची असेल तर घरच्यांनी आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्यावी.