रेस्क्यू टीममध्ये नवीन आलायस, तर थोडं ऐक

पहिल्याच कॉलला दोरावरून दरीत उतरायला मिळेल असं डोक्यात असेल तर काढून टाक. सुरुवातीला तू वरच राहणार. दोर वाहायचा, बघ्यांना मागे सारायचं आणि खाली आपला माणूस असताना काठावरून एक खडाही जाऊ द्यायचा नाही. काम फालतू वाटतं, पण मला विचारशील तर सगळ्यात मोठं तेच.

स्ट्रेचरला सहा-आठ जण लागतात, वर सतत खांदेपालट. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता; सगळे पायी चढले, तेही पावसात. म्हणून आधी दम कमव. गाठींमध्ये आठची गाठ पहिली, ओल्या दोरावर, अंधारात जमेपर्यंत घटवायची.

जखमी पाणी मागेल. द्यायचं नाही, फार तर ओठ ओले कर. मान किंवा पाठ दुखतेय म्हणाला तर जाणता माणूस येईपर्यंत हलवू नकोस. १०८ ला नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, गाडी नेमकी कुठवर येईल तेही सांग.

आणि हो, घाटातले बरेच कॉल मृतदेह काढण्याचे असतात. नातेवाईक वर उभे असतात, त्यांच्या कानावर जाईल असं वॉकीवर ‘बॉडी’ म्हणायचं नाही. फोटो तर नाहीच नाही, कुठल्याही ग्रुपवर.

जिल्ह्यात ‘आपदा मित्र’ प्रशिक्षण, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी प्रशिक्षण, निघालं की नाव दे. रविवारी सरावाला ये, बूट वापरातलेच घाल.