एक लाख तीस हजारांची काठी आणि उजनीचा वारा

पत्र सोलापूरहून आहे. लिहिणारे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर आहेत. हातात येणारा पगार ३८,००० रुपये, पत्नी शिकवण्या घेतात त्याचे १२,०००. घराच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ४१,०००. बँकेत ८०,००० ची मुदत ठेव आणि दिवाळीचा २४,००० बोनस नुकताच जमा झालेला. महिन्यातून दोन रविवार ते उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकतात. गेल्या वर्षी मित्राच्या फ्लाय रॉडने, म्हणजे नकली माशी फेकायच्या काठीने, चिलापी काढली आणि तेव्हापासून साधा गळ हातात धरवत नाही, असं ते लिहितात. त्यांनी यादी केली आहे: रॉड ५८,०००, रील ३२,०००, दोन लाइन १४,०००, पाण्यात उतरायचे वेडर्स आणि बूट २६,०००. एकूण १,३०,०००, बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर. त्यांचं म्हणणं, "स्वस्त घेऊन दोनदा घेण्यापेक्षा एकदाच चांगलं घेतो. आजन्म हमी आहे, मुलीला वारसा म्हणून देता येईल." पत्नीचा विरोध आहे.

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सल्लागार म्हणून, दुसऱ्यांदा फ्लाय फिशिंग करणारा म्हणून. माझ्याकडेही पाच नंबरची काठी आहे, त्यामुळे लाइन हवेत उलगडते तो क्षण काय असतो ते मला समजावून सांगायला नको. तुम्ही हा छंद करावा असंच मला वाटतं. पण या यादीने करू नये, आणि हप्त्यावर तर अजिबात नको.

आधी हप्ता. १,३०,००० भागिले १२ म्हणजे महिना १०,८३३ रुपये. तुमच्या घरात महिन्याला उरतात ९,०००. म्हणजे पहिल्याच महिन्यात १,८३३ रुपये कमी पडणार, आणि ते मुदत ठेवीतून किंवा क्रेडिट कार्डाच्या थकबाकीतून येणार. बिनव्याजी म्हणतात त्या हप्त्यातही व्याज असतंच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देऊन ते झाकते. कार्डावरच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याकडूनच घेतला जातो, वर प्रोसेसिंग फी. रोख घेतलं तर किती, हा प्रश्न दुकानात विचाराल तेव्हा व्याज कुठे दडलं होतं ते कळेल. आणि एखादा हप्ता चुकून कार्डाची बाकी पुढे सरकली, तर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपासचं व्याज लागतं. घरात आई आहेत, मुलगी सहा वर्षांची आहे, आरोग्यविमा फक्त कारखान्याचा. अशा घरात ८०,००० ची ठेव म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च नाही. तिला हात लावायचा नाही.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण तो विचारपूर्वक मांडलेला आहे. महाग वस्तू जास्त टिकते, म्हणून शेवटी स्वस्त पडते. यंत्रमागाच्या बाबतीत तुम्ही हे रोज पाहता आणि तिथे ते खरं आहे, कारण माग दिवसाला दोन पाळ्या चालतो. काठी वर्षातून किती दिवस चालणार? तुमच्याच हिशेबाने पावसाळा वगळून उजनीवर सोळा आणि जमलं तर हिमाचलात तीर्थन नदीवर चार. एकूण वीस.

महागडा संच दहा वर्षं वापरला तर २०० दिवस. पण लाइन दहा वर्षं टिकत नाही. ती कितीही महाग असो, वरचं प्लास्टिकचं आवरण चिरतं. आणखी तीन लाइन धरा, २१,०००. एकूण १,५१,०००, म्हणजे दिवसाला ७५५ रुपये. आता मधला संच: रॉड १३,०००, रील ८,५००, लाइन ५,५००, लीडर आणि टिपेट (लाइनच्या टोकाचे पातळ धागे), नकली माश्या, बॅकिंग (लाइनमागची जादा दोरी) आणि पक्कड मिळून ४,५००, काठी ठेवायची कडक नळी १,५००. एकूण ३३,०००. तो सातच वर्षं टिकेल असं धरू, मध्ये दोन लाइन बदलू, ४४,००० झाले. १४० दिवसांनी भागलं तर दिवसाला ३१४. महागडा संच या भावाला यायचा असेल तर तो ४८० दिवस, म्हणजे २४ वर्षं वापरावा लागेल, आणि तेही पुढे एकही लाइन न बदलता. टिकाऊपणाचा तुमचा मुद्दा इथे कमी पडतो. आठवड्याला तीन दिवस पाण्यावर असणाऱ्या मासेमारीच्या गाइडने हेच पत्र लिहिलं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

पैसे नक्की कशात घालायचे ते सांगतो, कारण यादीत वजन उलटं पडलं आहे. साध्या गळात शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लायमध्ये माशीला वजनच नसतं, लाइनचं वजन तिला घेऊन जातं. पाच नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतात. आठ नंबरचे २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या पुढे. नंबर असा ठरतो. म्हणून चांगली लाइन मधल्या काठीवरही सुरेख जाते आणि ढिसाळ लाइन ५८,००० च्या काठीलाही लाज आणते. उजनीवर दुपारनंतर वारा सुटतो हे तुम्ही जाणताच, तेव्हा पाचऐवजी सहा नंबर घ्या. तो तीर्थनच्या ट्राउट माशालाही चालतो. आठ नंबर महसीर या मोठ्या माशासाठी, त्याचा विचार पुढे कधीतरी.

रीलवर ३२,००० कशासाठी? चिलापीसाठी रील म्हणजे लाइन गुंडाळून ठेवायची जागा. ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो महसीरसारखा मासा पन्नास मीटर दोरी ओढून पळतो तेव्हा कामाला येतो. साधी, धातूची, सगळे भाग उघडून पुसता येतील अशी रील घ्या. तुमच्या हातांना तीच आवडेल.

वेडर्स आणि बूट मात्र यादीतून काढूनच टाका. उजनीत गुडघाभर पाण्यात हाफ पँट आणि जुने कॅनव्हासचे बूट पुरतात. श्वास घेणाऱ्या कापडाचे वेडर्स सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद कपाटात राहिले की त्यांचे थर सुटू लागतात, बुटांचा गोंद उन्हाने मरतो आणि तळवा गळून पडतो. वर्षातून चार दिवस थंड पाण्यात उभं राहायचं तर तिथे भाड्याने घ्या. २६,००० रुपये इथे सरळ वाचले.

आता देखभाल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी बचत इथे आहे आणि तुमचा पेशाच देखभालीचा आहे.

काठ्या माशामुळे फार कमी मोडतात. दारात अडकून, गाडीच्या डिकीत चेपून, आणि आपल्याकडे पंख्यात जाऊन मोडतात. माझी पहिली काठी हॉलमध्ये जोडून बघताना पंख्याने टोकापासून चार इंचांवर तोडली. तेव्हापासून जोडणी नेहमी घराबाहेर, आणि बाहेरही आधी वर बघून. शेतातल्या मोटारीच्या तारांखाली कार्बनची काठी उभी करू नका. कार्बनमधून वीज वाहते. वळवाचे ढग गडगडायला लागले की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हायचं, मासा लागलेला असला तरी.

काठीच्या तुकड्यांच्या जोडाच्या खोबणीत रेती गेली की ती आतून घासते. घरी आल्यावर चारही तुकडे ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, आणि रात्रभर मोकळे ठेवून सकाळीच नळीत घाला. ओली काठी नळीत बंद केली तर वॉर्निशला फोड येतात आणि कॉर्कच्या मुठीला बुरशी धरते. जोडावर अधूनमधून साधी मेणबत्ती घासा, सुटत नाही असं होत नाही आणि फेकताना ढिलंही पडत नाही.

काठीवरच्या, लाइन जिच्यातून जाते त्या कड्या तपासायची तुमची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. मागाच्या फणीत कुठे खरवड झाली की ताण्याचा धागा तुटतो, तेव्हा तुम्ही काय करता? इथेही तेच. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकला तर तिथे खाच पडली आहे, आणि ती खाच साडेपाच हजारांची लाइन कापणार. कडी बदलायला काही शे रुपये लागतात. जुनी काठी घेताना हीच परीक्षा आधी करा.

उजनीचं पाणी हिरवं असतं. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे शेवाळ माजतं आणि ते लाइनवर पातळ थर धरतं. मग लाइन बुडते, कड्यांत अडकते, आणि माणसाला वाटतं काठीच हलकी आहे. दोन खेपांनंतर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून लाइन त्यातून काढा, मऊ फडक्याने पुसा. डासांचं क्रीम आणि उन्हाचं लोशन लावलेल्या हातांनी लाइनला शिवू नका. डासांच्या क्रीममधलं डीट प्लास्टिक विरघळवतं. आणि उष्णता हा लाइनचा मोठा शत्रू आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिशीच्या वर जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. गाडीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत रील ठेवायची नाही. एप्रिलअखेर लाइन रीलवरून उतरवून मोठ्या वेटोळ्यात, आतल्या खोलीत पलंगाखाली ठेवा. रीलला गोड्या पाण्याने धुणं, अक्षावर तेलाचा एक थेंब, ड्रॅग सैल सोडणं. हे सगळं मिळून अर्धा तास. एवढं केलं तर ३३,००० चा संच सातवर थांबणार नाही, दहा वर्षं सहज जाईल. केलं नाही तर ५८,००० ची काठीही पंख्यात जाऊ शकते.

उजनीवर मासेमारीचे हक्क आणि परवाने असतात. संबंधित कार्यालयात आणि तिथल्या मच्छीमारांना आधी विचारून जा. टिपेटचे तुकडे खिशात परत आणा, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्या पायात नायलॉन अडकलेलं बघवत नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, सोडून द्यायचा मासाही वाचतो.

पैशांची मांडणी अशी करा. बोनसमधले १२,००० मुदत ठेवीला जोडा आणि उरलेले १२,००० काठीसाठी वेगळे ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल दर महिन्याला उरणाऱ्या ९,००० पैकी ३,५०० ची आवर्ती ठेव काठीच्या नावाने. सहा महिन्यांत २१,००० होतात, म्हणजे ३३,००० पुरे. बाकीचे ५,५०० दर महिना आपत्कालीन ठेवीत, म्हणजे आणखी ३३,०००. एप्रिलअखेर ती ठेव १,२५,००० होते, घराचा तीन महिन्यांचा खर्च. वहिनींना हा कागद दाखवा. त्यांचा विरोध मला काठीला वाटत नाही, ठेवीच्या काळजीपोटी वाटतो, आणि ती काळजी रास्त आहे. आईंसाठी वेगळ्या आरोग्यविम्याचा विषय पुढच्या पत्रात जरूर काढा.

तीर्थनला घाई करू नका. हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर असते. पावसाळा ओसरल्यावर, पुढच्या ऑक्टोबरमध्ये जा. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरहूनच दिल्लीला नेते. त्या प्रवासाची वेगळी आवर्ती ठेव मेपासून सुरू करता येईल, कारण काठीचे ३,५०० तेव्हा मोकळे झालेले असतील.

राहिली आजन्म हमी. ऑर्व्हिस आपल्या फ्लाय रॉडना २५ वर्षांची हमी देते, इतर काही कंपन्या मूळ मालकाच्या हयातीपर्यंत देतात. मुलीच्या हाती गेली की अशी हमी बहुतेक वेळा संपते. शिवाय दुरुस्तीचं हाताळणी शुल्क असतं, आणि तुटका तुकडा सोलापूरहून परदेशी पाठवून परत मागवायचा खर्च व सीमाशुल्क तुमच्या माथी. म्हणून मे महिन्यात काठी घ्यायला जाल तेव्हा हमीची वर्षं विचारू नका. टोकाचा एकच तुकडा भारतात सुटा मिळतो का, किती दिवसांत आणि किती रुपयांत, एवढं विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.