‘जर्मनी इयर झीरो’ सिनेमातलं पडकं बर्लिन खरं आहे की सेट?

रस्त्यावरचं जे जे दिसतं ते खरंच बर्लिन आहे, सेट नाही, घरातले बरेचसे सीन मात्र नंतर रोमच्या स्टुडिओत घेतलेत. सिनेमा १९४८ चा, पण शूटिंग १९४७ च्या उन्हाळ्यातलं, सिनेमाच्या सुरुवातीलाच तसं लिहून येतं. म्हणजे युद्ध संपून दोनच वर्षं झालेली आणि ढिगारे तसेच पडलेले, दिग्दर्शक रोसेलिनीने कॅमेरा थेट त्यातच नेला. हिटलरच्या चॅन्सलरीच्या, म्हणजे त्याच्या सरकारी कचेरीच्या, पडक्या इमारतीत सिनेमाचा नायक, बारा वर्षांचा एडमंड, ब्रिटिश सैनिकांना ग्रामोफोनवर हिटलरच्या भाषणाची रेकॉर्ड ऐकवतो, विकायची असते ना, आणि तो आवाज त्या रिकाम्या भिंतींमधून घुमत जातो, हा सीन नीट बघाच, असा परिणाम कुठल्याही सेटवर आला नसता. एडमंडचं काम करणारा मुलगाही व्यावसायिक नट नव्हता, सर्कशीतल्या कुटुंबातला होता. फक्त याला डॉक्युमेंटरी समजू नका, एडमंड आणि त्याच्या घरच्यांची गोष्ट काल्पनिक आहे. आणि शेवट फार जड आहे, लहान मुलांसोबत बघायला घेऊ नका.