रानडुकराच्या पिल्लांचा बाप शोधाचा असन तर
पाह्य भाऊ, पऱ्हाटीत दिसला तो मोठा एकरा (एकटा हिंडणारा नर) म्हणजे सगळ्या पिल्लांचा बाप, असं धरून चालू नको, एकाच वेतात दोन बापाची पिल्लं निंघतात. मायचं डीएनए सॅम्पल पयले घे. पिल्लाला प्रत्येक मार्करवर (डीएनएवरची तपासाची ठरावीक जागा) एक अ‍ॅलील (त्या जागेचं एक रूप) मायचा अन् एक बापाचा, मायचा वजा केला का बापाचा उरते, एका बापाजवळ असे दोनच असतात, म्हणून एका वेतात तीन वेगवेगळे उरले तर बाप एकापेक्षा जास्त, पण एकाच मार्करवर भरोसा नको, म्युटेशनही (डीएनएत आपोआप झालेला बदल) असू शकते, दोन-तीन मार्करवर तसंच दिसलं पाह्यजे. कानाचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेव, फॉर्मलिनमध्ये डीएनए तुटते (माह्या पयल्या बाटल्या अशाच वाया गेल्या). वनविभागाची परवानगी आधी. अन् गावातले मोकाट डुकरं विसरू नको, बाप तिकडचाही निंघते!